बेलापुरी कोबीचे सहा ठिपके

"कोबीचा जन्म आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. युरोपात तो नंतर गेला!"

डॉ. विष्णुपंत निसळ यांनी हे वाक्य उच्चारलं आणि टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या काही आल्या नाहीत. पत्रकार परिषदेला आलेल्या दोन पत्रकारांपैकी एकाच्या तोंडात समोसा होता, दुसरा मोबाईलवर कांद्याचा भाव बघत होता, आणि मागच्या बाकावर बसलेले दोघे पत्रकार नव्हतेच. ते पंखा दुरुस्त करायला आले होते. त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, "सर, मेन स्विच कुठंय?" आणि सगळीकडे अंधार झाला.

तरी दुसऱ्या दिवशी बातमी आली. श्रीरामपूरकडच्या ज्या महाविद्यालयात विष्णुपंत वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते (महाविद्यालयाचं नाव सांगून कुणाचाच फायदा नाही, म्हणून सांगत नाही), तिथे त्या दिवशी सकाळपासून विष्णुपंत उगाचच तीनदा व्हरांड्यातून फिरून आले. पस्तीस वर्षं ज्यांना शिपाईसुद्धा "ते झाडाचे सर" म्हणायचा, त्यांना त्या दिवशी प्राचार्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. खुर्चीचा एक पाय हलत होता, पण दिली.

शोध असा होता. आपल्या पेशीत प्रथिनं तयार करणारे बारीक बारीक कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. ते कारखाने उभारायचा आराखडा ज्या डीएनएत असतो तो रायबोसोमल डीएनए. तो गुणसूत्रांवर वाटेल तिथे सांडलेला नसतो, ठरावीक जागी गठ्ठ्याने बसलेला असतो. मुळाच्या टोकातल्या पेशी काचपट्टीवर अंगठ्याने चिरडायच्या, त्या गठ्ठ्यांनाच जाऊन चिकटेल असा चमकणारा रंग सोडायचा, आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. जिथे गठ्ठा तिथे तांबडा ठिपका. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, हळीव या एका कुळातल्या मंडळींचे ठिपके कुठे आणि किती, हा विष्णुपंतांचा विषय. आयुष्यभर तो कुणीही विचारला नव्हता. बायकोने एकदा विचारला होता, पण उत्तर निम्म्यात असतानाच तिचं दूध उतू गेलं.

जगभरच्या कोबीवर हे मोठे ठिपके चार. विष्णुपंतांना बेलापूरच्या कोबीवर सापडले सहा.

"म्हणजे मुळात सहाच होते," विष्णुपंत आपल्या विद्यार्थिनीला, मनवाला, म्हणाले. मनवा त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती आणि पाचव्या वर्षी जसं करतात तसं करत होती, म्हणजे मान हलवून. "मूळ वाण आपला. बाहेर जाता जाता दोन गळाले."

"सर, चाराचे सहा झाले, असंही असू शकेल ना?"

"अगं, कारणाशिवाय कसे वाढतील?"

"कारणाशिवाय गळतील कसे, सर?"

विष्णुपंतांनी तिला हळिवाच्या काचपट्ट्या पुसायला दिल्या.

हा बेलापूरचा कोबी कुणाचा, तर बनुबाईंचा. बेलापूरला त्यांचं एकरभर रान. विष्णुपंतांनी गावोगाव हिंडून बी गोळा केलं तेव्हा बनुबाईंनी फळीवरच्या डब्यातून चिमूटभर काढून दिलं होतं. डब्याशेजारीच श्रीरामपूरच्या दुकानातली फाडलेली पुडी पडली होती, आणि तिच्यावर कोबीचा रंगीत फोटो होता. विष्णुपंतांनी ती पाहिली नाही असं नाही. पण दुकान तालुक्यातलंच, म्हणून त्यांनी नोंद केली: स्थानिक.

बातमी वाचून संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. सूक्ष्मदर्शकाचं उद्घाटन त्यांनीच नारळ फोडून केलं होतं. भिंगावरचं कुंकू काढायला मनवाला दोन दिवस लागले होते. काकासाहेबांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला.

"आयला, लग्नातल्या लायटिंगवानी दिसतंय. हे तांबडं काय म्हनला?"

"कारखान्यांचे आराखडे, काकासाहेब."

कारखाना म्हटल्यावर काकासाहेबांनी दुसराही डोळा उघडला. "म्हंजी त्यांच्या कोबीत चार कारखाने आन् आपल्यात सहा?"

"ढोबळमानाने…"

"ढोबळ बिबळ न्हाई. सहा हायत ना? बास. सर, तुमी मार्चला रिटायर. मंग बसा की हितंच. 'कोबी संशोधन केंद्र' काढू. त्या सायकल स्टँडाच्या वरची खोली देतो. दारावर पितळी पाटी, तुमच्या नावाची. संचालक."

त्या रात्री विष्णुपंतांना झोप आली नाही असं म्हणायची पद्धत आहे. पण त्यांना उत्तम झोप आली, आणि स्वप्नात पाटी आली. मार्चनंतरचं आयुष्य ते गेलं वर्षभर टाळत होते. त्यांच्या आधी निवृत्त झालेले एक प्राध्यापक रोज सकाळी बसस्थानकावर जाऊन संगमनेर गाडी वेळेवर सुटते की नाही ते बघून घरी येत. विष्णुपंतांना त्या गृहस्थांची फार भीती वाटायची.

महिना असाच गेला. कोबी मोबाईलवरून जिल्हाभर फिरला. कुणीतरी लिहिलं, प्राचीन काळी आपल्या लोकांना ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसत. कुणीतरी लिहिलं, परकीयांनी आपले दोन ठिपके चोरले. पुणतांब्याच्या एका गृहस्थाने तर हे दोन्ही एकाच वाक्यात बसवलं. सत्काराची तारीख ठरली, मांडव सांगितला गेला.

सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी मनवा विष्णुपंतांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, जरा कुंडी बघता का?"

प्रयोगातून उरलेले कोवळे अंकुर प्रयोगशाळेचे परिचर कल्याणमामा यांनी एका कुंडीत लावून व्हरांड्यात ठेवले होते. वर पाटी होती: 'प्राचीन बेलापुरी कोबी. हात लावू नये.'

"गड्डा धरला का?" विष्णुपंतांनी उत्सुकतेने विचारलं.

"धरलंय काहीतरी. पण खाली."

विष्णुपंत वाकले. पानांच्या बुडाशी मातीतून पांढरं काहीतरी बिनधास्त खांदा वर काढत होतं. त्यांनी पान चोळून पाहिलं. कोबीचं पान कसं मेणचट, गुळगुळीत, हे खरखरीत.

"कोबीची मुळं सुजतात," विष्णुपंत म्हणाले. "रोग असतो तसा."

"वास घ्या, सर."

विष्णुपंतांनी वास घेतला आणि तसेच वाकलेले राहिले.

"मुळा," ते अखेर म्हणाले.

"हो सर."

"पण सहा ठिपके…"

"मुळ्यावर सहाच असतात, सर. गुणसूत्रं दोघांचीही अठरा, म्हणून नुसती मोजून फरक कळत नाही, ठिपके बघावे लागतात. तुम्हीच शिकवलंय."

"मी?"

"एम.एस्सी.ला. पेपरातही विचारलं होतंत."

मग त्यांना समितीचा दिवस आठवला. महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला बाहेरगावची समिती आली होती. त्या आठवड्यात मनवा रांगोळीच्या ड्युटीवर होती, कारण समितीला संशोधनापेक्षा आधी रांगोळी दिसते. कोबी, मुळा, मोहरी आणि हळीव यांचे अंकुर फुटलेल्या चार काचेच्या बशा टेबलावर मांडल्या होत्या. कुणीही शहाणा माणूस बशीवर नाव घालतो. पण महाविद्यालयाच्या बोधचिन्हाची खास छापून आणलेली लेबलं दारातूनच समितीला दिसावीत, म्हणून विष्णुपंतांच्या आज्ञेवरून ती झाकणांवर चिकटवली होती. आणि समितीच्या अध्यक्षांनी "वा, अंकुर!" म्हटल्याबरोबर विष्णुपंतांनी चारही झाकणं भराभर उचलून दाखवली होती. त्याच वेळी बाहेर फोटोसाठी हाका सुरू झाल्या. झाकणं परत बसली. कुठलं कुठे बसलं ते बघायला फोटो थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मुळांची टोकं विष्णुपंतांनी स्वतः कापली, लेबल वाचून. बशीत काय आहे ते बघायची त्यांना गरज वाटली नाही. वर स्वच्छ अक्षरात 'कोबी' लिहिलेलं होतं.

"तुला हे कधी कळलं?"

"आठवडा झाला, सर. कोबीच्या ताज्या बियांवर पुन्हा करून बघितलं. चारच येतात."

"मग बोलली का नाहीस?"

मनवाने कुंडीवरची पाटी सरळ केली. पाच वर्षांत तिने किती काचपट्ट्या पुसल्या होत्या ते तिला ठाऊक होतं.

दुपारी विष्णुपंत घरी जेवायला गेले तेव्हा बायकोने, सरोजिनीबाईंनी, त्यांचं तोंड बघूनच विचारलं, "काय, केंद्र रद्द झालं?"

"झालं नाही. करावं लागेल. अगं, तो कोबी नाही. मुळा आहे."

"बरं मग?"

"बरं मग काय? सगळं खोटं आहे!"

"अहो, मुळा असो, कोबी असो, दहा ते पाच आहे ना? मी मार्चपासूनचा विचार करून ठेवलाय. भिशीच्या बायका मंगळवारी येतात, हार्मोनियमचा क्लास लावलाय. तुम्ही घरात बसून फ्लॉवरची एकेक फांदी उचलून 'सरोजिनी, हे बघ' म्हणणार, ते कोण बघणार?" आमटी वाढता वाढता त्यांनी जरा मऊ स्वरात विचारलं, "कुणाकुणाला माहितेय?"

"मनवाला आणि मला."

"मग मुळा उपटा की गुपचूप."

विष्णुपंत संध्याकाळी काकासाहेबांकडे गेले. काकासाहेब मैदानावर मांडवाच्या खांबांना हात लावून बघत होते. विष्णुपंतांनी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. बशा, झाकणं, ठिपके, मुळा. काकासाहेबांनी शांतपणे ऐकलं. असं शांतपणे ते फक्त विरोधकांना ऐकतात.

"झालं बोलून?"

"झालं."

"मंग मुळाबी आपल्याच जिल्ह्यात जन्मला म्हना."

"काकासाहेब, विज्ञानात असं म्हणता येत नाही."

"सर, तुमचं विज्ञान बरूबर आसंल. पन मांडव टाकून झालाय." काकासाहेबांनी मांडवाकडे हात केला. एवढा मोठा पुरावा विष्णुपंतांकडे नव्हता. "पत्रिका वाटल्या. नगरहून पावने निघाले. आचारी कोबी चिरतोय. आता त्या आचाऱ्याला जाऊन काय सांगू, ठिपके कमी पडले?"

"पण कुंडीत मुळा आहे! ती कुंडी उद्या व्यासपीठावर ठेवायचीय!"

"एवढंच ना?" काकासाहेबांनी हाक मारली. "कल्याण! मंडईतनं चांगला घट्ट गड्डा आन. त्या कुंडीत मदोमद बशीव." आणि विष्णुपंतांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "लोक वरचा गड्डा बघत्यात सर. खाली काय हाय ते कोन उकरतंय? पाटी तयार हाय बरं का. बघून तर जावा."

विष्णुपंत बघायला गेले नाहीत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ते गेले. पाटी सुंदर होती. 'डॉ. विष्णुपंत निसळ, संचालक.' त्यांनी रुमालाने एका कोपऱ्यावरचा डाग पुसला.

सत्कार दणक्यात झाला. मांडव भरला, कारण जेवण होतं. व्यासपीठाच्या मधोमध कुंडी, कुंडीत खरखरीत पानांच्या गराड्यात मंडईतला गड्डा, गड्ड्याला हार. शेजारी विष्णुपंत, त्यांनाही हार. लांबून बघणाऱ्याला सत्कार नेमका कुणाचा हे कळणं अवघड होतं.

आधी बनुबाईंचा मान. 'वाणरक्षक' असं सोनेरी अक्षरात छापलेलं सन्मानपत्र, शिसवी रंगाच्या रुंद चौकटीत, वर काच. बनुबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मागून ठोकून बघितलं आणि माइक समोर आल्यावर म्हणाल्या, "लई बरं वाटलं. पन बी तर आमच्या ह्यांनी दुकाना…"

"धन्यवाद बनुबाई!" काकासाहेबांनी माइक काढून घेतला आणि भाषणाला उभे राहिले.

"बंधू-भगिनींनो! परदेशी कोबीत कारखाने किती? चार! आपल्या कोबीत किती?"

"सहा!" पुढे बसवलेल्या बी.एस्सी.च्या मुलांनी ठरल्याप्रमाणे ओरडून सांगितलं.

"मंग मधले दोन कारखाने कुनी पळवले?"

मांडवात एकदम शांतता पसरली. कारखाने पळवण्याविषयी जाहीर विचारायची या भागात पद्धत नाही. काकासाहेबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईने विषय पुढे ढकलला. "आन् मी शब्द देतो, फुडच्या वर्षापासून हे पुस्तकात येनार! परीक्षेला येनार! निसळ सर अभ्यास मंडळावर हायतच!"

आतापर्यंत विष्णुपंत हार सांभाळत बसले होते. मांडव, पाटी, दहा ते पाच, हे सगळं मनात घोळवून त्यांनी स्वतःची बऱ्यापैकी समजूत घातली होती. पण 'परीक्षेला येणार' म्हटल्यावर त्यांच्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उभा राहिला. प्रश्न पहिला, एका वाक्यात उत्तर लिहा: कोबीच्या गुणसूत्रांवर मोठे ठिपके किती? वर्गातली कुणीतरी एक पोरगी, असते प्रत्येक वर्गात अशी, स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघून 'चार' लिहिणार. आणि तिचा गुण विष्णुपंतांना स्वतःच्या हाताने, लाल पेनने, कापावा लागणार. विष्णुपंतांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी केल्या होत्या. समितीसाठी रांगोळी काढून घेतली होती, न झालेल्या सहलींचे अहवाल सुबक अक्षरात लिहिले होते. पण बरोबर उत्तरावर काट मारली नव्हती. तिसऱ्या रांगेत मनवा बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि त्यांच्याकडे बघतही नव्हती.

विष्णुपंत माइकपाशी गेले.

"मित्रहो, माझी चूक झाली आहे," त्यांनी सुरुवात केली. लोकांनी विनम्रतेला टाळ्या दिल्या. "ब्रॅसिकेसी कुळात रायबोसोमल डीएनएचं गुणसूत्रीय वितरण पाहता, मी निदर्शनास आणलेल्या सहा संकेतस्थानांची…" ते बोलत राहिले. चूक कशी झाली, झाकणं कशी बदलली, मूळ निष्कर्ष कसा बाद ठरतो, सगळं प्रामाणिकपणे आणि संपूर्ण सांगितलं. फक्त ते शुद्ध शास्त्रीय मराठीत सांगितलं. 'बाद' शब्दावर टाळ्या पडल्या. 'अक्षम्य' या शब्दावर एकाने शिट्टी मारली. काकासाहेब मान डोलावत होते. मागे भांड्यांचा आवाज सुरू झाला तशी शेवटची रांग उठून तिकडे निघाली.

विष्णुपंतांना कळून चुकलं की आपण सत्य सांगितलं आहे आणि त्याने काडीचाही फरक पडलेला नाही. आता इथेच थांबलं तर सदसद्विवेकही शाबूत राहील आणि पाटीही. इतकी सोयीची वेळ माणसावर फार क्वचित येते. ते क्षणभर थांबलेही.

मग ते कुंडीकडे गेले. गड्डा हारासकट उचलला. तो टोपी निघावी तसा निघाला. काकासाहेब अर्धे उठले. विष्णुपंतांनी खरखरीत पानांचा झुपका मुठीत धरला, एक पाय कुंडीला लावला आणि ओढलं.

हातभर लांब, पांढरास्वच्छ, मातीने माखलेला मुळा त्यांनी माइकसमोर धरला.

आता मात्र सगळ्यांना समजलं. जेवणाकडे निघालेली रांगसुद्धा वळून उभी राहिली.

"हा मुळा आहे," विष्णुपंत म्हणाले. "मी याला कोबी म्हणालो. कोबीवर चारच ठिपके असतात."

कुठेही टाळी वाजली नाही. नगरचे पाहुणे आपल्या बुटांकडे बघू लागले. काकासाहेबांनी कल्याणमामांना बोटाने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, पण माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या मांडवाने ऐकलं: "ती पितळी पाटी अजून ठोकली नसंल तर ऱ्हाऊ दे. अन् त्या खोलीत खुर्च्या ठिवून टाक."

विष्णुपंत मुळा हातात धरून उभे होते. तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बनुबाई उठल्या, पदर सावरत व्यासपीठाच्या पायऱ्या चढून आल्या आणि सन्मानपत्र छातीशी घट्ट धरून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"सर, एक इचारू का?"

"विचारा, बनुबाई."

"आता ह्यातला कागूद तुमी माघारी न्याल, तो न्या. माझं काय म्हननं न्हाई." त्यांनी काचेवरून एकदा हात फिरवला. "पन फ्रेम तेवडी ऱ्हाऊ द्या. मामंजींच्या फोटोची काच फुटलीया, आन् माप अगदी बरूबर बसतंय."